मदत हवी आहे : नर बॉल पायथन (अजगराची एक जात) खात नाही, मादी व्यवस्थित खाते (ठाणे)

परिवेशवर (विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचं केंद्र सरकारचं पोर्टल) नोंदवलेली जोडी, घोडबंदर रोड. टँक वेगळे, पण खोली एकच. दोन्हीकडे उबदार बाजू ३२ अंश, थंड बाजू २६, आर्द्रता ६० टक्के. डिसेंबरपासून नर उंदराला तोंड लावत नाही, रात्रभर काचेला नाक घासत फिरतो. मादी झडप घालून गिळते. मिलनाच्या हंगामात नर उपाशी राहतात आणि मादी अंड्यांसाठी चरबी साठवते, हे ठाऊक आहे. नराचं वजन ९०० ग्रॅमवरून ८६० वर आलंय; श्वासाला घरघर नाही, तोंडात बुडबुडे नाहीत. फ्रोजन उंदीर ३८ अंशांपर्यंत कोमट करूनच देतो.

मादीचा वास तुटावा म्हणून नराचा टँक दुसऱ्या खोलीत हलवावा का? की हलवाहलवीने ताण वाढेल? जबरदस्तीने भरवणार नाही. घट १० टक्क्यांवर गेली तर दाखवायला ठाणे-नवी मुंबईत साप तपासणारे पशुवैद्य सुचवा.