खाजनावरची कादंबरी विज्ञानकादंबरी ठरते का?

प्रश्न (फोंडा)
आमच्या वाचनमंडळातील एका सदस्याच्या अप्रकाशित कादंबरीवरून मतभेद झाले आहेत. ती साठ वर्षांनंतरच्या गोव्यातील दिवाडी बेटावर घडते. समुद्र इतका चढला आहे की ओहोटीलाही नदी पुरेशी उतरत नाही, खाजनातले, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतले, पाणी बांधातल्या ‘मानस’ नावाच्या दारातून बाहेर पडत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या बांध राखणाऱ्या कुटुंबाला कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या भाताची शेती सोडावी लागते. तीत यंत्रमानव नाही, अंतराळयानही नाही. म्हणून काहीजण तिला विज्ञानकादंबरी मानायला तयार नाहीत. व्याख्या कोणती धरावी?

उत्तर (डिचोली)
यंत्रे मोजून साहित्यप्रकार ठरत नाही. विज्ञान काढून घेतल्यावर कथा उभी राहते का, हे मी पाहतो. मानशीचे दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. म्हणजे सारे खाजन दोन पातळ्यांमधल्या फरकावर जगते. तो फरकच नाहीसा झाल्यामुळे या कुटुंबावर जे ओढवते, ते दुसऱ्या कोणत्याही कारणाने ओढवले नसते. मेरी शेली यांच्या 1818 सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत निर्मितीची कृती सांगितलेलीच नाही, तरी तिथला जीव मंत्राने नव्हे तर अभ्यासाने घडतो, आणि मला तेवढे पुरते.

उत्तर (मडगाव)
ही कसोटी लावली तर महापुरावरची किंवा साथीवरची प्रत्येक कादंबरी विज्ञानकादंबरी ठरेल. समीक्षक डार्को सुविन यांनी वाचकाच्या जगात नसलेली, पण तर्काने पटणारी एक नवी गोष्ट कथेच्या मुळाशी असावी असे मांडले, आणि ते मला अधिक नेमके वाटते. समुद्र चढतो आहे हे आज सर्वांना ठाऊक आहे. शिवाय मी हस्तलिखित वाचले आहे: नवव्या प्रकरणात अमावास्येच्या उधाणात राखणदार, म्हणजे गावाचे रक्षण करणारे अदृश्य दैवत, बांध सावरतो, आणि हे पात्र नव्हे, निवेदक सांगतो.

उत्तर (पणजी)
नावीन्याबाबत मी सहमत नाही. चढणारा समुद्र ठाऊक असला तरी मानस निकामी झाल्यावरचे गाव कोणी पाहिलेले नाही. राखणदाराचा आक्षेप मात्र खरा आहे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेचा आधार असा की प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो. तो नियम एकदा स्वीकारला की लेखकाने सोयीनुसार त्यातून सूट घ्यायची नसते. इथे सूट घेतली आहे, आणि तीही ऐन कळसाला. राखणदाराला काढून टाकावे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण तो गेला तर ते गाव आपले राहणार नाही. ती रात्र अमावास्येऐवजी अष्टमीच्या सुमाराची करावी. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढते आणि बांध टिकू शकतो. श्रेय राखणदाराला द्यायचे ते घरातल्या आजीने द्यावे, निवेदकाने केवळ तिथी सांगावी.