कोल हट्सन: भावाच्या वळणावर, की भावाच्या नावावर?

बॉस्टनकर
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग खुशाल तुटून पडा. बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून कॉलेजची आइस हॉकी खेळलेला डिफेन्समन (बचावपटू) कोल हट्सन एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बचावाच्या पहिल्या जोडीत खेळणार. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, वॉशिंग्टन कॅपिटल्सना तो थेट ४३ व्या क्रमांकावर मिळाला, ही बाकीच्यांची कृपा.

कॉलेजच्या पहिल्याच मोसमात ३९ सामने, १४ गोल, ३४ असिस्ट (गोलला लावलेला हातभार), दोन्ही मिळून ४८ गुण. थोरला भाऊ लेन ह्याच संघातून पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ च करून गेला होता. त्यालाही उंचीवरून सगळ्यांनी नाकं मुरडली, २०२२ मध्ये मॉन्ट्रियलने ६२ वा उचलला, आणि २०२४-२५ मध्ये ६६ गुण करून पठ्ठ्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. कोल त्याच्याहून थोडा उंचच आहे. शिवाय जानेवारी २०२५ च्या वर्ल्ड ज्युनियरमध्ये (वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) ११ गुण, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. डिफेन्समनला हे आजवर जमलं नव्हतं. अजून काय पुरावा हवा?

निळी रेषा
पुरावा? गुणांवरून डिफेन्समन जोखायचा म्हणजे वास घेऊन आमटीत मीठ किती ते सांगायचं. ४८ पैकी पॉवर प्लेवरचे, म्हणजे शिक्षेमुळे समोर पाचऐवजी चारच खेळाडू असतानाचे, किती, ते वेगळं काढलंस का? कॉलेजात बहुतेक सामने शुक्रवार-शनिवारी, वर्षाला चाळीसच्या आसपास. एनएचएलमध्ये ऐंशीच्या वर, तेही रोज नवं गाव. कॉलेजात चेहऱ्यावर जाळीचं हेल्मेट असतं ते वेगळंच.

आणि तुझ्याच कॉलेजचा मॅट गिलरॉय विसरलास? २००९ चा होबी बेकर, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. एनएचएलमध्ये एकूण २२५ सामने, बस्स. लेन जमला म्हणून तुला लेन आठवतो. जे जमले नाहीत त्यांची नावं कोण लक्षात ठेवतो?

बॉस्टनकर
गिलरॉय तेव्हा २४ वर्षांचा होता रे! कोलने ते ४८ गुण अठराव्या वर्षी केलेत, आणि समोर विशी ओलांडलेले बाप्ये होते. कॉलेज हॉकीत वय बघितल्याशिवाय आकडा बघूच नये. अॅडम फॉक्स हार्वर्डचा, ड्राफ्टमध्ये ६६ वा, २०२१ चा नॉरिस (एनएचएलच्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान). केल मकार मॅसॅच्युसेट्सचा, क्विन ह्यूज मिशिगनचा. हे काय तुक्के आहेत?

निळी रेषा
मकार चौथा आणि ह्यूज सातवा निवडला गेला होता. म्हणजे स्काउटांना ते दिसले होते. तुझा मुद्दा तूच खोडलास.

टोरांटोची काकू
तुम्ही दोघं आकड्यांवरच भांडताय. माझा मुलगा आठ वर्षं डिफेन्स खेळला, पहाटे साडेपाचला रिंकवर थर्मास घेऊन बसलेली बाई आहे मी. त्याच्या कोचने मला एक गोष्ट शिकवली: पक (ती रबरी चकती) बघू नका, मुलाची मान बघा.

पक आपल्या कोपऱ्यात गेला की डिफेन्समन पाठमोरा पळतो आणि मागून फोरचेकवाला, म्हणजे पक हिसकायला आलेला समोरचा खेळाडू, अंगावर येतो. पकला हात लावायच्या आधी त्याने किती वेळा मान वळवून मागे पाहिलं? एकदाही नाही, तर तो काचेवर आदळणार. दोनदा पाहिलं, तर पक हातात यायच्या आधीच पास कुठे द्यायचा ते त्याचं ठरलेलं असतं. लेनचं अर्धं गुपित हेच आहे. खांदा एकीकडे टाकतो, पोर फसतं, हा दुसरीकडून निघून जातो. धक्का द्यायला तो सापडतच नाही, मग उंची घेऊन काय करायचंय?

कोलची मान वळते. पण तो पुढे जरा जास्तच धावतो. ब्लू लाइन, म्हणजे हल्ल्याच्या वेळी डिफेन्समन थांबतो ती रेषा, सोडून गोलपर्यंत जातो आणि पक गेला की मागे जोडीदार एकटा. कॉलेजात पळून भरपाई होते. एनएचएलमध्ये दोन पासात गोल होतो.

निळी रेषा
काकू, हेच म्हणायचं होतं मला.

टोरांटोची काकू
नाही हो, तुम्ही नुसता गिलरॉय काढलात.

बॉस्टनकर
पुढे धावतो हे मान्य. युनिव्हर्सिटीच्या अगानिस अरीनात मी स्वतः दोनदा डोक्याला हात लावलाय. पण सवय लावता येते, दृष्टी लावता येत नाही. लेनसुद्धा दुसऱ्या वर्षी कॉलेजात थांबला, ३८ सामन्यांत ४९ गुण केले, मगच गेला. कोलही २०२५-२६ मध्ये आणखी एक वर्ष थांबला, ते बरंच झालं.

निळी रेषा
थांबला ते ठीक, पण अशा वेळी निवडणाऱ्या संघाने सावध राहावं. फॉक्सला कॅलगरीने निवडला, त्याच्याशी करार करायचे हक्क कॅरोलायनाकडे गेले, आणि खेळला शेवटी न्यूयॉर्क रेंजर्ससाठी. कॉलेजचं पोर सही न करता बसलं की निवडणाऱ्याच्या हातात काय उरतं? आणि बॉस्टनकर, ते पॉवर प्लेचे गुण अजून सांगितले नाहीस.

बॉस्टनकर
शनिवारी बसून मोजतो. काकू, तुम्ही मान मोजा.