गादी कोणती घेतलीत, आणि किती पावसाळे टिकली?

मांडवीकाठ (पणजी)

चवथीआधी घरातली मोठी गादी बदलायची आहे. बजेट पंधरा हजार, फार तर दोनेक हजार वर. माप ७८ बाय ६०. झोपणारे दोघे, त्यातला एक पंख्याखालीही घामाघूम होणारा. दुकानं पालथी घातली, वाचलंही भरपूर, पण बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या गावात बसून दिलेले असतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जून ते सप्टेंबर हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा. मार्चमध्ये दुकानात झकास वाटलेली गादी ऑगस्टमध्ये कुबट वास मारू लागते, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून विचारते: गादी कशाची, खाली पलंग कसला, आणि किती पावसाळे काढले? जाहिरातीतलं नको, स्वतःच्या पाठीला कळलेलं सांगा.

गल्ल्यावरची (मडगाव)

सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं, लग्नानंतर बरीच वर्षं मी गल्ल्यावर बसले. आता दुकान नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

गिऱ्हाईक गादीच्या कडेला बसतं, दोनदा उसळी मारून बघतं आणि "मऊ आहे हो" म्हणतं. त्यावरून काहीही कळत नाही. फोमची असेल तर डेन्सिटी विचारा. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती डेन्सिटी. कडकपणा वेगळा. हलका फोमसुद्धा कडक बनवता येतो, आणि तोच दोनेक वर्षांत मधोमध बसतो. रोजच्या झोपेला ३२ च्या खाली जाऊ नका, ४० मिळाला तर उत्तम.

दुकानदारानं सांगितलेला आकडा वजनावरून पडताळता येतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ७२ बाय ३६ ची, पाच इंची, सलग फोमची गादी ३२ डेन्सिटीची असेल तर कापड सोडून पावणेसात किलोच्या आसपास भरायला हवी. ४० ची असेल तर साडेआठ. विमानाची बॅग तोलायचा हुकाचा काटा घरी असतो ना, तो घेऊन जा. असं गिऱ्हाईक आलं की आमचे सासरे आधी चहा मागवायचे, मग आतला माल काढायचे.

रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे गोंद घालून दाबलेले. त्याची डेन्सिटी ८० ते १०० असते, ती साध्या फोमच्या आकड्याशी ताडायची नाही. खाली रिबॉन्डेड आणि वर दीड-दोन इंच चांगला फोम, ही स्वस्तातली टिकाऊ जोडी. पण नुसत्या जाडीला भुलू नका. आठ इंच भरावे म्हणून आत पांढरा ईपीई घालतात, टीव्हीच्या खोक्यात येतो तोच. तो एकदा चेपला की वर येत नाही. खोळीला चेन असली तर तिथल्या तिथे उघडून बघा, नसली तर कापलेला नमुना मागा. नमुना दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नये, एवढं मी आमच्या धंद्याशी बेइमानी करून सांगते.

आणि स्लीपवेल चांगली की कर्लऑन, असा वाद घरोघरी चालतो. स्लीपवेलवाल्या शीला फोमनं २०२३ मध्ये कर्लऑनही घेतली. तेव्हा नावापेक्षा आतल्या थरांचा कागद मागून घ्या.

खारवारा (वास्को)

आमचा अनुभव गादीपेक्षा पलंगाचा. फ्लॅट लहान, म्हणून बॉक्सचा पलंग केला. वर सलग प्लायवूड, खाली सामान. गादी चांगल्या कंपनीची, महागातली. दुसऱ्या पावसाळ्यात चादर बदलताना बायकोनं गादी उचलली, तर खालच्या बाजूला झोपणाऱ्याच्या आकाराचा काळसर बुरशीचा पट्टा. डोक्याकडे आणि पायाकडे डाग नव्हते. वरून अंगाची ऊब आणि घाम, खाली गार प्लाय, मधल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नाही.

मेस्ताला बोलावलं. त्यानं प्लायला होलसॉनं ओळीनं भोकं पाडली, बॉक्सच्या दोन्ही बाजूंना जाळ्या बसवल्या आणि वर अडीच इंची पट्ट्या ठोकल्या, दोन पट्ट्यांत दोन बोटांची फट. मी जास्त फट ठेवायला सांगत होतो, मेस्त म्हणाला, "मग गादी फटीत उतरतली." बरोबर होतं त्याचं. फोमला फट कमी लागते, नाहीतर तो पट्ट्यांच्या मधे खचतो आणि कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी.

आता पावसात दर रविवारी गादी भिंतीला उभी करून तासभर पंखा सोडतो. डिह्युमिडिफायरही घेतलाय, जुलैत सकाळी टाकी काठोकाठ भरलेली असते. हे सगळं पाणी पूर्वी गादी पीत होती! मांडवीकाठ, तुमचा पलंग बॉक्सचा असेल तर आधी मेस्त, मग गादी.

अंगणातली (डिचोली)

आमच्याकडे अजून कापसाच्या गाद्या आहेत आणि राहतील. सासूबाईंच्या काळात पावसाळ्याआधी पिंजारी दारात यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार लांबून ऐकू यायचा. आता गादी रिक्षात घालून बाजारात मशीनवर न्यावी लागते. कापूस पिंजून निघाला की फुगतो, थोडा नवा घालायचा, खोळ बदलायची, की गादी पुन्हा तयार. खर्च नव्या गादीच्या पावपटही नाही. फोमची बसली की फेकून देण्यावाचून इलाज नाही.

पण तिचे लाडही पुरवावे लागतात. कापूस ओल धरतो. मे महिन्यात कडक ऊन दाखवल्याशिवाय पावसाळा निघत नाही, आणि त्याच दिवसांत अंगणात कोकमाची सोलं वाळत असतात. गादी सोलांपासून लांब घाला, तो डाग जन्मात जात नाही. मोठी गादी एकट्या बाईला उलटत नाही, म्हणून आम्ही डबल बेडवर दोन सिंगल गाद्या ठेवतो. मधली फट जाड रजईनं झाकली जाते.

उशा मात्र सावरीच्या. तो कापूस तेलकट असतो, पाणी पटकन शोषत नाही, वजनाला हलका. बोंडं फुटायच्या आधी झाडाखाली चादर अंथरून तयार राहावं लागतं, नाहीतर सगळा कापूस शेजाऱ्यांच्या कौलांवर.

घाटाखालचा (सांगे)

मी बॉक्समध्ये गुंडाळून येणारी मेमरी फोमची मागवली होती. कंपनीचं नाव घेत नाही. उघडल्यावर पोदेराच्या पावासारखी डोळ्यांदेखत फुगली, मुलं टाळ्या वाजवत होती. वास दोन-तीन दिवसांत गेला. थंडीत झोपही छान लागली. एप्रिलमध्ये रंग दिसला. मेमरी फोम अंगाच्या उबेनंच मऊ होतो, माणूस त्यात रुततो, मग अंगाभोवती हवा खेळत नाही. आमच्याकडे वादळी पावसात वीज गेली की रात्रभर येत नाही. पंखा बंद, आणि खाली ही गादी!

शंभर रात्री वापरून बघा, नाही आवडली तर परत, अशी बोली होती. मुदत संपायच्या आत कळवलं, तर उत्तर आलं की तुमच्या पिनकोडला परतीची गाडी येत नाही. डिलिव्हरीची गाडी मात्र दारापर्यंत आली होती. ईमेलवर ईमेल केले, शेवटी मी टेम्पो करून मडगावला पोचवायचं आणि त्यांनी टेम्पोचं भाडं द्यायचं यावर मिटलं. पैसे पूर्ण मिळाले. कंपनी वाईट आहे असं म्हणत नाही, पण "माझ्या पिनकोडवरून परत न्याल का" हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. तोंडी "हो सर" म्हणणारा नंतर फोनवर सापडत नाही.

कवळेकरीण (फोंडा)

फिजिओथेरपी करते, रोज हेच प्रश्न ऐकते. "पाठ दुखते ना, फळीवर झोप" हे आपल्याकडचं ठरलेलं औषध. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. मध्यमवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. "ऑर्थोपेडिक" हा शब्द लेबलवर कुणीही छापू शकतो, त्यामागे डॉक्टर असतोच असं नाही.

दुकानात लाजू नका. चपला काढा, नेहमी झोपता तसे आडवे व्हा, दहा मिनिटं तरी. कुशीवर झोपणाऱ्यांनी बरोबरच्या माणसाला मागून बघायला सांगा, पाठीचा कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. उताणे झोपणाऱ्यांनी कंबरेखाली हात सरकवून बघा. सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, हात शिरतच नसेल तर फार मऊ. वजनातही फरक पडतो. पन्नास किलोच्या बाईला दगड वाटते ती गादी नव्वद किलोच्या नवऱ्याला बरोबर वाटते. म्हणून दोघांनी मिळूनच जा, "ह्यांना वेळ नाही" म्हणून एकटीनं जाऊ नका.

ताळगावचा भाडेकरू

शिकायला आलेल्या मुलांसाठी थोडक्यात. किनाऱ्याकडे सीझन संपला की हॉटेलवाले आणि गाव सोडून जाणारे भाडेकरू गाद्या स्वस्तात काढतात. माल कधीकधी खरंच चांगला असतो. मोबाईलचा टॉर्च लावून कडेची पायपिन आणि चेनची घडी बोटानं उलटून बघा. काळे बारीक ठिपके दिसले की नमस्कार करून निघा. ढेकूण गादीबरोबर फुकट मिळतात आणि खोली बदलली तरी सोबत येतात.

काणकोणकर

आमची कोविडच्या आधीपासूनची आहे आणि अजून कुबट वास नाही. काथ्याची चार इंची गादी, त्यावर लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या फोमचा, दोन इंची थर वेगळा. नारळाच्या सोडणातला काथ्या पिळे देऊन कुरळा करतात, त्यावर रबराचा चीक फवारून तापवून दाबतात. धाग्यांमधून हवा आरपार जाते, आपल्या हवेला याहून चांगलं मला तरी सापडलं नाही. नुसता काथ्या मात्र कडक लागतो आणि जिथे रोज कंबर टेकते तिथे खोलगट होतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची. वरचा लेटेक्स घामाला बरा, रुतत नाही, आणि पुढेमागे काथ्या बसलाच तर तेवढाच बदलता येतो. सगळी गादीच लेटेक्सची घ्यायला गेलो असतो तर बजेट दुप्पट झालं असतं.

एक लक्षात ठेवा, लेटेक्स उन्हात घालायचा नाही. ऊन लागलं की रबर पिवळं पडून भुगा होतो.

मांडवीकाठ (पणजी)

काणकोणकर भाऊ, वरचा थर घसरत नाही का?

काणकोणकर

पहिले काही दिवस घसरला. दोन्हींना मिळून एकच खोळ शिवून घेतली, चेनची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाड कापड मिळालं, शिलाई गावातच. नंतर हलला नाही.

आसगावची सून

सासऱ्यांच्या आजारपणात गादी वाचवायची म्हणून आधी साधी प्लास्टिकची शीट घातली होती. त्यावर माणूस भिजतो तो घामानंच. मग टेरीचं वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घेतलं, वर टॉवेलसारखं कापड, खाली पातळ पडदा. दोन घ्या, कारण पावसात एक वाळायला वेळ लागतो. गादीवर डाग दिसला की बऱ्याच कंपन्या वॉरंटी मानत नाहीत. शिवाय वॉरंटीच्या कागदात खड्डा किती खोल झाला तर गादी बदलणार हे लिहिलेलं असतं, कुठे एक इंच, कुठे दीड. ते वाचून मगच "दहा वर्षांची वॉरंटी" या ओळीवर खूश व्हा.

मांडवीकाठ (पणजी)

सगळ्यांचे आभार. आमचा पलंग शिसवी, जुन्या घरातून आणलेला, पट्ट्यांचा, त्यामुळे वास्कोवाल्यांच्या मेस्ताची गरज पडणार नाही. काल टेप लावली तेव्हा कळलं की ७८ बाय ६० आम्ही नुसतं गृहीत धरलं होतं. आतून ७५ बाय ५७ भरतो, आणि पायाकडे आणखी अर्धा इंच कमी. काथ्या आणि वर लेटेक्स असं ठरतंय. मापानं करून देणाऱ्या दोघांना विचारलं. एकजण म्हणाला, मापाची केलेली परत घेणार नाही. दुसरा म्हणाला, काथ्या परत नाही, पण लेटेक्स पंधरा दिवसांत बदलून देईन. दुसऱ्याकडे शनिवारी काटा घेऊन जाते. ७५ बाय ५७ ला बसणाऱ्या चादरी कुठे मिळतात, की त्याही शिवून घ्यायच्या?

गल्ल्यावरची (मडगाव)

शिवूनच घे बाई. तयार ९० बाय १०८ ची चादर घे, चारही कोपरे शिवून इलॅस्टिक घालून घे. आणि लेटेक्सची डेन्सिटीही विचार, तीही वजनावरून कळते.