अनुभव सांगा: पडद्यावर पळणाऱ्या कमेंट

परवा भाच्यानं लॅपटॉपवर जपानी कार्टूनपट लावला. चित्रावरून उजवीकडून डावीकडे अक्षरं पळत होती. मला वाटलं, बिघाड झाला. तो म्हणाला, "मामा, ह्या बघणाऱ्यांच्या कमेंट आहेत." जपानमध्ये निकोनिको या व्हिडिओ साइटवर २००६ पासून हे चालतं, पुढे चीनमध्ये बिलिबिली या साइटवरही रुजलं. नाव 'दानमाकु', म्हणजे गोळ्यांचा भडिमार. कमेंट सिनेमातल्या त्या-त्या क्षणाला बांधलेली असते. काही वर्षांपूर्वी कोणी हसलं असेल, तर ते हसू आजही नेमकं तिथंच उमटतं. आपल्याकडे यूट्यूबवरच्या प्रीमियरला, म्हणजे ठरल्या वेळी सगळे एकत्र बघतात त्या पहिल्या खेळाला, बाजूला चॅट चालतं, तेवढीच ओळख. तुम्ही चालू ठेवता की बंद? चोपड्याहून विचारतोय.

शहादा : चालू, आप्पांसाठी. त्यांना ऐकू कमी येतं. अहिराणी विनोदी सिनेमा लागला की आम्ही हसायचो आणि ते आमची तोंडं बघायचे. प्रीमियरला त्यांना चॅट सापडलं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली की तेही हसतात, मग विचारतात, "काय म्हणना तो?" रांग यायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर आमचं हसून झालेलं असतं. आता आम्हीच थांबतो. आप्पा हसले की सगळे हसतो.

अमळनेर : बंद! मरणाचा प्रसंग यायच्या आधीच कोणीतरी लिहिलं, 'आता रुमाल काढा.' सगळा प्रसंग हातचा गेला. पहिल्यांदा सिनेमा एकट्यानं बघावा, चॅट दुसऱ्या वेळी.

दोंडाईचा : सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघितलाय. नायकाच्या मागे चोर आला की अख्खा तंबू ओरडायचा, "मागे बघ!" शेजारच्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला घासायचा. कमेंटमध्ये तो खांदा नाही, पण ओरडणं तेच आहे, म्हणून मला आवडतं.

सुरत (मूळ साक्री) : खोलीत चौघं राहतो. रात्रपाळीहून आलो, बाकीचे झोपलेले, कानात इयरफोन. पडद्यावर शेवग्याचं झाड, ओसरी, बाजेवर बसलेली म्हातारी. मी चॅटमध्ये लिहिलं, 'मी सुरतमा शे, गावनी याद उनी.' लगेच खाली आलं, 'मी बी उधनामा शे भो.' उधना म्हणजे सुरतचाच भाग. मग तिसरा, मग चौथा. पुढचा सिनेमा मला आठवत नाही. ती चार नावं आठवतात.