मदत हवी आहे: वॅस्पची अँटीबॉडी एचईके पेशींतही पट्टी दाखवते

सायटोसोल
वॅस्प (रक्तपेशींतलं, अ‍ॅक्टिनचे धागे उभारायला लावणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉटवर पाहायला रॅबिट पॉलिक्लोनल (सशातलं, अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) वापरतोय. जुर्कॅटमध्ये (टी-पेशींची लाइन) ६०-६५ किलोडाल्टनला ठसठशीत पट्टी येते, खाली दोन-तीन फिकट पट्ट्या. पण एचईके-२९३ मध्ये (मूत्रपिंडाच्या पेशींची लाइन) काहीच यायला नको, तिथेही ६५ च्या आसपास पट्टी आहे! लायसिस (पेशी फोडणं) १% ट्रायटन डिटर्जंटमध्ये, बर्फावर ३० मिनिटं, ईडीटीए (कॅल्शियम बांधणारं रसायन) नसलेलं प्रोटिएज इन्हिबिटर मिश्रण. अँटीबॉडी १:१०००, रात्रभर ४ अंशांवर. काय बदलू, अँटीबॉडी की लायसिस? पुढे हीच इम्यून सायनॅप्सच्या (टी-पेशी दुसऱ्या पेशीला चिकटते ती जागा) इमेजिंगला वापरायची आहे.

ब्लॉटखोर
एचईकेतली पट्टी बहुधा एन-वॅस्प या भावंड प्रथिनाची. वॅस्प रक्तपेशींच्या कुळापुरतं, एन-वॅस्प जवळपास सगळीकडे, आणि दोघांचा सुमारे निम्मा क्रम सारखा. वॅस्पचं हिशेबाने वजन ५३ किलोडाल्टन, पण मधल्या प्रोलीनच्या गर्दीमुळे ते जेलवर जड भासतं आणि नेमकं एन-वॅस्पशेजारी जाऊन बसतं. आकारावरून वेगळी ओळखू येणार नाहीत. डेटाशीटवर इम्युनोजेन (प्रथिनाच्या ज्या तुकड्यावर अँटीबॉडी बनवली तो) बघा. सी-टोकाचा, आर्प२/३ ला (अ‍ॅक्टिनचे फाटे फोडणारा प्रथिनसंच) धरणारा तुकडा असेल तर शंका पक्की समजा.

खात्रीसाठी एचईकेत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं एन-वॅस्प घाला. ९० च्या पुढे नवी पट्टी उमटली, तर अँटीबॉडी दोघांनाही धरते. पेप्टाइड ब्लॉकिंगवर (अँटीबॉडी आधीच इम्युनोजेनच्या तुकड्याने भरून टाकणं) विसंबू नका, त्याने चुकीची पट्टीही तितकीच पुसली जाते.

कॅल्पेन_वैरी
खालच्या पट्ट्यांचा विषय निराळा. वॅस्पला कॅल्पेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम कापतं, कॅल्पेनला कॅल्शियम लागतं, आणि तुमच्या बफरात ते बांधून ठेवणारं काही नाही. त्यात अर्धा तास!

एकदा ट्रायटन वगळून बघा. १० लाख पेशी गार पीबीएसने धुवा, गोळ्यावर ९५ अंशांचं १०० मायक्रोलिटर लेमली बफर (एसडीएस डिटर्जंटवालं, प्रथिनं उलगडणारं) थेट ओता, ५ मिनिटं उकळा. डीएनएमुळे नमुना शेंबडासारखा होतो. २५ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा, १०% जेलवर २० मायक्रोलिटर भरा. पट्ट्या गेल्या तर तुकडे लायसिसमध्ये होत होते. मग ट्रायटन बफरात ५ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधणारं) आणि कॅल्पेप्टिन (कॅल्पेन रोखणारं) घाला. राहिल्या तर दोष बहुधा अँटीबॉडीचा, पण निकाल वॅस्प-नॉकआउट (वॅस्पचं जनुक निकामी केलेल्या) जुर्कॅटच देतील.

सायटोसोल
आजच करतो. इमेजिंगसाठी माउस मोनोक्लोनल (उंदराची, एकच जागा धरणारी) घेतली तर प्रश्न मिटेल का?

ब्लॉटखोर
एक मिटेल, दुसरा उभा राहील. सायनॅप्ससाठी काचेवर ओकेटी३ (टी-पेशी चेतवणारी सीडी३ विरुद्धची अँटीबॉडी) लावणार ना? ती माउसचीच. मग अँटी-माउस सेकंडरीने (माउस अँटीबॉडीला चिकटणारी चमकती अँटीबॉडी) पेशीआधी अख्खी काच उजळते. माउस प्रायमरी हवीच असेल तर थेट फ्लोरोफोर जोडलेली घ्या, नाहीतर वॅस्पलाच धरणारी रॅबिट मोनोक्लोनल शोधा.

शिवाय एसडीएसमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं. पेशीत निष्क्रिय वॅस्प स्वतःवरच दुमडलेलं, आणि एन-टोकाला विप हे जोडीदार प्रथिन चिकटलेलं. एपिटोप (अँटीबॉडी धरते ती जागा) तिथला असेल तर ब्लॉट झकास आणि स्लाइड काळी, असं होऊ शकतं. ४% पीएफए (पेशी स्थिर करायला) १५ मिनिटं, ०.१% ट्रायटन ५ मिनिटं, इथून सुरुवात करा. फॅलॉइडिन (अ‍ॅक्टिन रंगवणारं) लावणार असाल तर मेथॅनॉल नको, अ‍ॅक्टिनची घडणच मोडते.

कॅल्पेन_वैरी
पुढे टीएचपी-१ (मोनोसाइट पेशींची लाइन) कडे वळलात तर एफसी ब्लॉक विसरू नका. त्यांचे एफसी ग्राहक (अँटीबॉडीची शेपटी धरणारे) रॅबिट आयजीजी आणि माउस आयजीजी२ए दोन्ही घट्ट पकडतात. जुर्कॅटमध्ये हा त्रास जाणवत नाही, म्हणून तिथला प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलला की फसायला होतं.