चालता चालता जुळून येणारे फोटो कसे टिपायचे? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. सोलापुरात पायी फिरत फोटो काढतो आणि नाद लागलाय तो योगायोगाने जुळणाऱ्या गोष्टींचा. परवा एका टपरीवर किटलीची वाफ बरोबर मागच्या भिंतीवर रंगवलेल्या इंजिनाच्या धुराड्यातून निघाल्यासारखी दिसत होती. मोबाईल काढेपर्यंत चहावाल्याने किटली उचलली!

भुईकोट किल्ल्याकडून तलावाकडे बघताना वेगळीच पंचाईत. झाडाची फांदी आणि सिद्धेश्वराच्या देवळाचं शिखर डोळ्यांना छान जुळलेलं दिसतं, फोटोत मात्र शिखर मोहरीएवढं. दुप्पट झूम करून चार पावलं मागे गेलो की बरं येतं. अर्धा फूट डावी-उजवीकडे सरकलं तरी जवळची फांदी कुठच्या कुठे जाते, शिखर मात्र जागचं हलत नाही. एक डोळा मिटून बघितलं तर खोली नाहीशी होते आणि जुळणी पटकन कळते, हा माझा जुगाड.

आता प्रश्न. कॅमेऱ्यावर एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान) ठेवूनही फांदी अगदी जवळ असली की दोन्ही स्पष्ट येत नाहीत. फोकस नेमका कुठे धरायचा? आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, वर विजेच्या तारांचं जाळं. तेव्हा आधीच जागा हेरून थांबायचं की काठ्यांसोबत चालत राहायचं? कुणी तिथे फोटो काढले असतील तर उभं राहायला बरी जागाही सुचवा.