दोन वर्षांच्या लेकराचं कौतुक करायचं तर कशाचं?

जुळे सोलापूरकरीण: सोलापूरच्या हुतात्मा बागेत रोज बघते, पोरगं घसरगुंडीवरनं खाली आलं की 'माझा वाघ, लई हुशार' सुरू, आणि त्याच पोरानं मागच्या बारक्याला आधी जाऊ दिलं तर कुणी हूं की चूं करत नाही. दीड-दोन वर्षांचं लेकरू आपण कशाला दाद देतो तेच धरतं ओ. 'बाळाला चेंडू दिलास, बघ कसं हसायलंय' म्हटलं की ते बाळाच्या तोंडाकडे बघतं, नुसतं 'गुड बॉय' म्हटलं की आपल्या तोंडाकडे.

विडी घरकुलवाले काका: नाही पटलं ताई. आमची आई दिवसभर विड्या वळायची, तिला कुठला वेळ कौतुकाला, तरी आम्ही भावंडं वाटून खायला शिकलोच की. सारखं वाहवा केलं की पोर वाहवासाठीच करतंय. 2008 साली वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 20 महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला, मदत केल्यावर बक्षीस दिलं तर ती मुलं पुढं कमी मदत करायला लागली.

जुळे सोलापूरकरीण: काका, अर्धाच सांगितलात. ज्यांना नुसतं तोंडानं शाबासकी दिली त्यांची मदत कमी झाली नाही! चॉकलेट बंद करा की, शब्द कशाला बंद करता?

विडी घरकुलवाले काका: ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचीपण कमी झाली नाही, ते कोण सांगणार?

जुळ्यांची आई: दोघं एकाच ट्रकसाठी झोंबायलेत, कुकर शिट्टी मारायलाय, त्यात वाक्य तोलून कोण बोलणार? वर सासूबाई म्हणतात चारचौघात कौतुक नको, दृष्ट लागते. मला विचाराल तर सुरात माया असली की बास.

अंगणवाडीताई: माया पाहिजेच, पण शब्दपण मोजतात. अमेरिकेत घरी जाऊन 14 ते 38 महिन्यांच्या मुलांशी आईबाप कसं बोलतात ते रेकॉर्ड केलं होतं, 2013 ला छापून आलं. ज्यांच्या कौतुकात प्रयत्नाचा वाटा जास्त, ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड काम आवडीनं घेत होती. आणि असलं कौतुक मुलींच्या वाट्याला मुलग्यांपेक्षा कमी आलं होतं. आपल्याकडंही बघा ना, मुलीला 'किती गोड दिसतीय' एवढंच, तिनं रडणाऱ्या पोराला स्वतःची बाहुली नेऊन दिली ते कुणाला दिसतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

विडी घरकुलवाले काका: मुलींचं एकदम बरोबर बोललात ताई. पण न बोलता नुसतं मांडीवर घेतलं तरी लेकराला कळतंय, त्यावर मी ठाम आहे.